काट्यावरचा न्याय
वऱ्हाडच्या कापूसबाजारातील व्यापारी नीतीचा मागोवा

व्यापार आणि नीती यांची सोयरीक जमत नाही, अशी समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. दुकानाच्या भिंतीवर 'शुभ लाभ' लिहिलेले असते. त्यातले 'शुभ' देवाकडे आणि 'लाभ' आपल्याकडे, अशी वाटणी पुष्कळांनी मनोमन करून ठेवलेली असते. अलीकडे मात्र मोठमोठ्या कंपन्या आपल्या वार्षिक अहवालात सामाजिक उत्तरदायित्वाचे स्वतंत्र प्रकरण घालू लागल्या आहेत. 2013 च्या कंपनी कायद्याने तर ठराविक आकारापुढील कंपन्यांना आपल्या सरासरी नफ्यातील 2 टक्के रक्कम समाजकार्यासाठी खर्च करावयास सांगितले, आणि ही तरतूद 1 एप्रिल 2014 पासून अंमलात आली. हा विचार अगदी नवा आहे आणि तो बाहेरून आला आहे, असे पुष्कळांना वाटते. आम्हांला तसे वाटत नाही. यवतमाळ जिल्ह्यात राहणाऱ्यांना तर तसे वाटण्याचे मुळीच कारण नाही. कारण या प्रश्नाची सबंध पोथी कापसाच्या बाजारात गेल्या दीडशे वर्षांत लिहिली गेली आहे. ती पोथी आज आपण थोडी उलगडून पाहू.

1853 च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला. पुढे 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीला एकाएकी सोन्याचे मोल आले. त्याच सुमारास, 1864 मध्ये, आपला जिल्हा आकारास आला. त्याचे नाव पुढे वणी जिल्हा असे पडले आणि 1905 साली ते बदलून यवतमाळ झाले. 1867 मध्ये आगगाडी नागपूरला पोहोचली आणि इथल्या कापसाच्या गाड्या धामणगावच्या वाटेला लागल्या. नंतर मूर्तिजापूरहून कारंजा-दारव्हा मार्गे यवतमाळपर्यंत छोटी गाडीही आली. तिलाच पुढे लोक लाडाने 'शकुंतला' म्हणू लागले. युद्ध संपले तसा भाव कोसळला. पण शेतकरी मात्र एकदा या जगाच्या बाजाराला बांधला गेला तो कायमचा. ज्वारी घरात राहते आणि कापूस बाजारात जातो, एवढ्या एका फरकाने त्याचे दैव दुसऱ्याच्या काट्यावर जाऊन बसले.

त्या वेळचा बाजार कसा होता? शेतकरी रात्रभर बैलगाडी हाकून पहाटे बाजारात येई. माल परत न्यावा तर बैल थकलेले, घरी सावकाराचा तगादा आणि पुढे लगीनसराई. 'अडला हरी' कोणाचे पाय धरतो हे सांगावयास नको. दलाल आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव ठरवीत. ज्याचा माल, त्यालाच त्या रुमालाखाली काय चालले आहे हे कळत नसे. मग वजनात कडता निघे, ओलाव्याचे कापले जाई, कवडीचे कापले जाई, तोलाई आणि हमाली वेगळी. आणि या सर्वांवर कळस म्हणजे 'धर्मादाय'.

या धर्मादायाकडे आम्ही श्रोत्यांचे मुद्दाम लक्ष वेधतो. गोरक्षण, देऊळ, पाठशाळा अशा सत्कार्यासाठी शेतकऱ्याच्या रकमेतून काही पैसे कापून घेण्याची रीत हिंदुस्थानातील पुष्कळ बाजारांत होती. सत्कार्य खरेच होत असेलही. आम्ही ते नाकारीत नाही. पण पैसा शेतकऱ्याचा, पुण्य शेठजींचे आणि पाटीवर नावही त्यांचेच! दानधर्म आणि न्याय यांतला फरक समजावून सांगण्यास याहून चांगले उदाहरण आम्हांला ठाऊक नाही. वजन चोख धरले असते तर दान थोडे कमी झाले असते. पण शेतकऱ्याला दान मागण्याची पाळीही कमी आली असती.

या बाजाराला वळण लावण्याचा पहिला प्रयत्न आपल्या शेजारीच झाला, ही अभिमानाने सांगण्यासारखी गोष्ट आहे. 1886 मध्ये कारंजा येथील कापसाचा बाजार सरकारी हुकुमाने नियंत्रित झाला. हिंदुस्थानातील पहिला नियंत्रित बाजार म्हणून त्याचा उल्लेख केला जातो. त्यानंतर 1897 साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा झाला. बाजारासाठी कमिटी, दलाल व मापारी यांना परवाने, आकारणीला नियम, अशी त्याची मांडणी होती. कापसाच्या बाजारासाठी अशा तऱ्हेचा कायदा देशात इतरत्र होण्यापूर्वी तो वऱ्हाडात झाला. मात्र सरकारच्या हेतूविषयी फार भोळे राहण्याचे कारण नाही. मँचेस्टरला स्वच्छ आणि भरवशाचा कापूस हवा होता, ही त्यामागची मोठी प्रेरणा होती. शिवाय कमिट्यांवर व्यापाऱ्यांचा वरचष्मा राहिला. ज्याच्या मालाचे वजन व्हावयाचे त्यालाच तेथे खुर्ची नव्हती. ही उणीव 1928 साली शेतीविषयक रॉयल कमिशनने आपला अहवाल सादर केला तेव्हा चव्हाट्यावर आली.

लबाडी एकाच बाजूची होती असेही नाही. कापसावर पाणी मारणे, चांगल्या कापसात हलका कापूस मिसळणे, असले प्रकार शेतापासून प्रेसपर्यंत सर्वत्र चालत. जिनवाल्यांनीही आपापसांत संगनमत करून दर बांधून घेतले. काही जिन बंद ठेवून त्यांच्या मालकांना नफ्याचा वाटा घरबसल्या पोहोचविला जाई. याला आळा घालण्यासाठी 1923 साली कापूस वाहतुकीचा कायदा झाला. हलक्या प्रतीचा परमुलखी कापूस चांगल्या कापसाच्या मुलखात आणून मिसळण्यावर त्याने बंधन आणले. 1925 साली जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांचा कायदा झाला आणि प्रत्येक गाठीवर कारखान्याची खूण उमटविणे सक्तीचे झाले. ही खूण आम्हांला मोठी अर्थपूर्ण वाटते. माल हातातून गेला की जबाबदारी संपली, असे आता म्हणता येईना. गाठ लिव्हरपूलला उघडली तरी ती कोणी बांधली हे कळावे, हे नैतिक जबाबदारीचे अगदी व्यवहारी रूप आहे.

कायद्याने जे करावयास लावले ते आपण पाहिले. कायद्याने सांगण्याआधी कोणी काही केले काय? त्यासाठी वर्धा नदी ओलांडून नागपूरला जावे लागेल. कापसाच्या मुलखाच्या जवळ असावी म्हणून जमशेटजी टाटांनी आपली कापडगिरणी मुंबई सोडून नागपूरला काढली. 1 जानेवारी 1877 रोजी, व्हिक्टोरिया राणीने सम्राज्ञीपद धारण केल्याच्या दिवशी, ती सुरू झाली म्हणून तिचे नाव 'एम्प्रेस'. या गिरणीत 1886 मध्ये कामगारांसाठी पेन्शन फंड सुरू झाला आणि 1895 पासून कामावर अपघात झालेल्यांना भरपाई मिळू लागली. कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा देशात झाला 1923 साली आणि प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा 1952 साली, हे लक्षात घेतले म्हणजे त्या पावलाचे महत्त्व कळते.

पण चित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर इतिहासाऐवजी आरती होईल. याच एम्प्रेस गिरणीत, ती सुरू झाली त्याच 1877 साली, मजुरीच्या दरावरून कामगारांनी संप केला. हिंदुस्थानातील अगदी पहिल्या नोंदल्या गेलेल्या संपांपैकी तो एक होय. म्हणजे थोर मनाचा मालक आणि काम थांबविणारा कामगार, ही दोन्ही माणसे एकाच आवारात उभी होती. मालकाच्या सद्बुद्धीचे मोल आम्ही कमी करीत नाही. पण जेथे कामगाराला तोंड आहे तेथेच मालकाची सद्बुद्धी टिकून राहते, असा आमचा समज आहे.

नागपूरच्या वाटेवर वर्धा लागते. तेथील जमनालाल बजाज हे स्वतः कापसाच्या व्यापारातले. सरकारने दिलेली 'रायबहादूर' ही पदवी त्यांनी 1921 साली असहकाराच्या चळवळीत परत केली. 1928 साली वर्ध्याचे आपले लक्ष्मीनारायणाचे मंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांसाठी खुले केले. गांधीजी पुढे वर्ध्याला आणि 1936 मध्ये सेवाग्रामला येऊन राहिले, त्यामागे जमनालालजींचा आग्रह होता. श्रीमंताने आपल्या संपत्तीचा मालक नव्हे, विश्वस्त व्हावे, हा गांधीजींचा सिद्धांत येथे, या कापसाच्या मुलखात, रोजच्या व्यवहारावर घासून पाहिला जात होता. जमनालालजी 1942 साली वारले. पुढे 1966 साली मुंबईतील काही उद्योगपतींनी एकत्र येऊन भेसळ, खोटी वजने आणि फसव्या जाहिराती यांपासून आपण दूर राहू, अशी संहिता मानणारी एक संस्था स्थापन केली. तिच्या संस्थापकांत जे. आर. डी. टाटा होते आणि जमनालालजींचे चिरंजीव रामकृष्ण बजाजही होते. नागपूरची गिरणी आणि वर्ध्याची पेढी या दोन परंपरा येथे एका टेबलाशी आल्या, असे म्हणावयास हरकत नाही.

स्वातंत्र्यानंतर शेतकऱ्याला बाजार समितीत खुर्ची मिळाली. 1963 च्या महाराष्ट्राच्या कायद्याने ती पक्की केली. 1972 पासून तर राज्याने कापसाची एकाधिकार खरेदी सुरू केली. व्यापाऱ्याच्या नीतीची चिंताच नको म्हणून व्यापारीच बाजूला केला. रुमालाखालची बोटे गेली. पण ग्रेडरचा शेरा, केंद्रापुढच्या गाड्यांची रांग आणि चुकाऱ्याची वाट पाहणे हे नवे भोग आले. 2002 मध्ये खाजगी व्यापाऱ्याला पुन्हा दार उघडले आणि त्या योजनेची मक्तेदारी संपली. सरकार व्यापारी झाले म्हणून व्यापार आपोआप नीतिमान होत नाही, एवढा धडा मात्र ती मागे ठेवून गेली.

आता ज्या प्रसंगाने या जिल्ह्याचे नाव जगभर गेले, तिकडे वळणे प्राप्त आहे. 2017 च्या पावसाळ्यात कापसावर फवारणी करताना यवतमाळ जिल्ह्यात शेकडो शेतकरी व शेतमजूर विषबाधेने आजारी पडले आणि वीसहून अधिक दगावले. कपाशी पुरुषभर उंच वाढली होती, हवा कोंदट होती, औषधे एकात एक मिसळली जात होती आणि फवारणाऱ्याच्या अंगावर एक साधा सदरा, असे ते दृश्य होते. सरकारने चौकशी नेमली. प्रकरण परदेशी कंपनीच्या देशापर्यंत, स्वित्झर्लंडच्या न्यायालयापर्यंत, 2020 मध्ये गेले. कंपनीने आपल्या औषधावरील आरोप नाकारले. निवाडा देणे हे आमचे काम नव्हे. परंतु एक प्रश्न प्रत्येक नागरिकाने विचारावा असा आहे. डब्यावर सूचना छापली, हातमोजे घाला म्हणून लिहिले, म्हणजे विकणाऱ्याचे कर्तव्य संपले काय? जो मजूर ती अक्षरे वाचू शकत नाही, ज्याला भर उन्हाळी उकाड्यात हातमोजे परवडतही नाहीत आणि सोसवतही नाहीत, त्याच्या हाती तो डबा जाणार हे विकणाऱ्याला ठाऊक नव्हते काय? कीटकनाशकांचा कायदा 1968 पासून आहे. कंपनी, दुकानदार, कृषिखाते आणि शेताचा मालक, या चौघांच्या मधे तो मजूर उभा होता. आणि चौघांनाही वाटत होते की सांगण्याचे काम दुसऱ्याचे.

1925 च्या कायद्यातली गाठीवरची खूण येथे पुन्हा आठवते. रुईची गाठ ज्याने बांधली त्याचे नाव समुद्रापार कळावे, अशी व्यवस्था आपण शंभर वर्षांपूर्वी केली. कारण गाठ घेणारा बलवान होता. डबा घेणारा मजूर दुर्बळ असतो, म्हणून त्याच्यापर्यंत ही व्यवस्था पोहोचण्यास इतका उशीर झाला. दीडशे वर्षांच्या इतिहासातून आम्हांला दिसणारे सूत्र हेच. व्यापाऱ्याची नीती त्याने शेवटी किती दान केले यावरून जोखावयाची नाही. व्यवहार चालू असताना समोरच्या सर्वांत दुर्बळ माणसाला त्याने कसे वागविले यावरून जोखावयाची आहे. 2 टक्क्यांतून शाळेला खोली बांधून मिळाली तर आनंदच आहे, आम्ही तिचे स्वागतच करू. पण उरलेले 98 टक्के कसे मिळविले, हे विचारण्याचा आपला हक्क त्या खोलीच्या उद्घाटनाबरोबर संपत नाही. नाहीतर जुना धर्मादायच नव्या नावाने परत आला, असे म्हणावे लागेल.

येत्या दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या पुन्हा बाजारात येतील. आपल्यापैकी कोणी खरेदीदार आहेत, कोणी अडत्ये, कोणी औषधांचे दुकानदार, कोणी शेतीचे मालक. कायदा आपल्यापैकी प्रत्येकाच्या मागे माणूस उभा करू शकत नाही. काट्याचा काटा मधोमध ठरतो की नाही, हे शेवटी काट्याजवळ जो उभा असतो त्यालाच ठाऊक असते.