उदास वाटलं की काय ऐकावं? : भोर-वेल्ह्याच्या जात्यावरून एक विचार

मागच्या व्याख्यानानंतर एका तरुण मुलीनं मला विचारलं, "सर, तुम्ही इतकी वर्षं रससिद्धान्त शिकवलात. मग सांगा, उदास वाटत असेल तर काय ऐकावं? आणि आनंदात असताना?" मी एका रागाचं नाव सांगून वेळ मारून नेली. घरी गेलो आणि वाटलं, आपण या मुलीला फसवलं. आजचं व्याख्यान म्हणजे तिला उशिरा दिलेलं उत्तर आहे असं समजा.

प्रश्न नवा नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात तो आहे. कोणत्या रसाला कोणता स्वर हे तिथे नेमून दिलंय : मध्यम-पंचम शृंगार आणि हास्याला, गांधार-निषाद करुणाला, धैवत बीभत्स आणि भयानकाला. पुढे रागांचे प्रहर ठरले. विसाव्या शतकात पंडित भातखंड्यांनी त्याची नीट व्यवस्था लावली. कोमल रिषभाचे संधिप्रकाश राग दिवस-रात्रीच्या सांध्यावर, पहाटे भैरव, दिवस मावळताना मारवा. गंमत अशी की तिकडे दक्षिणेत कर्नाटक संगीतात प्रहराचं हे बंधन फारसं पाळत नाहीत आणि त्यांचं काही अडत नाही. म्हणजे वेळ आणि भाव यांचं नातं स्वरातच असतं की आपल्या सवयीत, ही शंका तिथेच सुरू होते. पण तो वाद आज नको.

मला आज एक वेगळी यादी दाखवायची आहे. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. राजानं काय खावं, हत्ती कसे पारखावेत, करमणूक कशी करावी, सगळं त्यात आहे. गाण्याच्या प्रकरणात तो सांगतो की कथेत षट्पदी योजावी, लग्नात धवल गावं, उत्सवात मंगल, योग्यांनी चर्या गावी, आणि महाराष्ट्रात बायका कांडताना ओवी गातात. ज्ञानेश्वरीच्या आधीची, दीडशे वर्षांहून जुनी ही नोंद आहे. ओवीच्या इतिहासात ती नेहमी सांगितली जाते. मला मात्र तिच्यातली वेगळी गोष्ट खुणावते. या यादीत मनःस्थिती कुठेच नाही. लग्न आहे, उत्सव आहे, कांडण आहे. "दुःखी असाल तर हे ऐका" असं राजा म्हणत नाही. ऐकायचं कुणी, हेही सांगत नाही. सांगतो ते कुणी, कशाच्या वेळी गायचं.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. मी भोरचा. नीरेच्या काठी वाढलो. 1955 साली, सहा वर्षांचा असेन, रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं. माडगूळकर आणि फडके. आठवड्याला एक नवं गाणं, वर्षभर, एकूण 56 गाणी. आमच्या आळीत एकाच घरी रेडिओ होता आणि त्या घराची ओसरी भरून जायची. काही बायका रेडिओला हळद-कुंकू वाहायच्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. भोरच्या राजवाड्यात रामनवमीचा उत्सव पूर्वीपासूनचा, त्यामुळे राम आमच्या घरचाच. पण त्या ओसरीवर मी पहिल्यांदा 'श्रोता' झालो. हात रिकामे, तोंड बंद, कान उघडे. आज आपण सगळे तेच आहोत.

सुटीत मी वेल्ह्याकडे आत्याच्या गावी जायचो. तोरण्याच्या पायथ्याला. आता सरकारी कागदावर त्या तालुक्याचं नाव राजगड झालंय, पण माझ्या तोंडात वेल्हेच बसलंय, सांभाळून घ्या. तिथे रेडिओ नव्हता. वीजच नव्हती. पहाटे, कोंबडा आरवायच्याही आधी, जात्याची घरघर सुरू व्हायची आणि तिच्यावर आत्याचा आवाज. नाचणी, वरई, तांदूळ, त्या दिवशीच्या भाकरीपुरतं दळण. समोर बसायची तिची जाऊ. खुंट्यावर दोघींचे हात. एकीनं घास टाकायचा, एकीनं ओवी उचलायची, दुसरीनं तिच्यात आवाज मिसळायचा. मी वाकळेत पडल्या पडल्या ऐकायचो, पण ते माझ्यासाठी नव्हतं. कुणासाठीच नव्हतं.

आता हे नीट बघा. दळण काही मनाप्रमाणे ठरत नाही. आज उदास आहे म्हणून दळत नाही, असं सासुरवाशिणीला म्हणता येत नाही. पहाट तीच, जातं तेच, चालही पुष्कळदा तीच. चालीला तिथल्या बायका 'गळा' म्हणतात, किती नेमका शब्द आहे! गळा एकच, पण त्याच गळ्यावर सुरुवातीला देवाचं नाव यायचं, मग आईबाप, मग भाऊ मुराळी होऊन यायचा, मग मुंबईला गेलेला नवरा, मग सीतेचा वनवास, आणि दळण संपत आलं की लेकराचं कौतुक. अर्ध्या पायलीत सगळे रस. आपल्याकडे मनःस्थिती आधी असते आणि तिला शोभेल असं गाणं आपण निवडतो. तिच्याकडे गाणं आधी सुरू व्हायचं आणि मनात काय आहे ते त्यातून बाहेर यायचं. बसताना तिला ते ठाऊक असेलच असं नाही.

सीतेचं एक सांगतो. गीतरामायणातला राम ऐकून आमची ओसरी गहिवरायची. जात्यावरचं रामायण मात्र बहुतेक सीतेचं असतं. तिला रानात कुणी सोडलं, बाळंतपण कुणी केलं, रात्र कशी गेली. रामावर तिथे ठपकाही येतो. सासू आत झोपलेली, पुरुष झोपलेले, जात्याचा आवाज सगळं झाकतोय, अशा वेळी सीतेच्या नावावर बरंच काही बोलता येतं. जात्याला त्या देव म्हणतात, आणि हा देव कुणाला सांगत नाही.

तत्त्वज्ञानाचा मास्तर म्हणून माझी अडचण इथे सुरू झाली. काश्मीरच्या भट्टनायकानं 'साधारणीकरण' सांगितलं आणि अभिनवगुप्तानं ते आपल्या मांडणीत घेतलं. साध्या भाषेत, रंगमंचावरचं दुःख 'माझं' नसतं, 'त्याचं'ही नसतं. ते कुणा एकाचं राहत नाही, म्हणून त्याचा आस्वाद घेता येतो. करुण ऐकून बरं का वाटतं, याचं इतकं चांगलं उत्तर मला दुसरीकडे मिळालेलं नाही. पण त्यासाठी एक सहृदय रसिक लागतो, थोडा अंतरावर बसलेला. जात्यापाशी अंतर कुठे आहे? रडणारी तीच, गाणारी तीच, दळणारी तीच. मी वर्गात बरीच वर्षं सांगत आलो की ओवी म्हणजे भावनेचा थेट उद्गार, रसाच्या आधीची पायरी. आज मला ते चूक वाटतं. कारण आत्या ज्या भावाचं कौतुक गायची, त्यातले शब्द तिचे नव्हते. ते तिच्या आईचे होते, जावेचे होते, शेजारच्या गावातून लग्न होऊन आलेल्या कुणा पोरीचे होते. 'माझा भाऊ' म्हणताना तो सगळ्यांचाच भाऊ असायचा. साधारणीकरण इथेही होतं, फक्त ते ऐकणाऱ्याच्या मनात न होता गाणाऱ्यांच्या हातून होतं. आवडलेली ओवी दुसरीला द्यायची म्हणजे ती ऐकवायची नाही, तर तिच्या गळ्यात घालायची. लग्न झालं की पोरीबरोबर ओवी डोंगर ओलांडून जायची.

मग गिरणी आली. हा शब्दही बघा कसा आहे. आधी पुरुष मुंबईच्या गिरणीत गेले, त्याच्या ओव्या झाल्या. नंतर पिठाची गिरणी गावात आली आणि ओव्या थांबल्या. मी त्यावर गळा काढणार नाही. तासन्‌तास दळून बायकांचे खांदे जायचे. आत्याला विचारलं होतं, जातं गेलं त्याचं वाईट वाटतं का? ती म्हणाली, "तू दळ की आठ दिस, मग सांग मला." (हशा)

पण गिरणीबरोबर ती पहाटेची जागा गेली. बायकांचं गाणं छापून ठेवायचे प्रयत्न आधी झाले होते. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये ओव्या जमवल्या, ते मोठंच काम. पण छापलेल्या ओवीत गळा नसतो. 1980च्या दशकात हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या दोघांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगरी पट्ट्यात गरीब बायकांबरोबर काम करता करता ओव्या उतरवून घ्यायला सुरुवात केली. पॉइतवाँ जन्मानं फ्रेंच, पण इथलेच होऊन गेले. पुढे 1990च्या दशकात बर्नार्ड बेल त्यांना येऊन मिळाले आणि आवाजही टिपला गेला. हा संग्रह वाढत वाढत एक लाख ओव्यांच्या पुढे गेला. दोघंही आज नाहीत. 2017पासून 'पारी' या संकेतस्थळावर त्यातल्या ओव्या आवाजासकट येत आहेत, तुम्ही फोनवर ऐकू शकता. जरूर ऐका. माझं मन मात्र ऐकताना दर वेळी थोडं खट्टू होतं, आणि त्याला कारण आहे.

1978 साली मी कॅसेट रेकॉर्डर घेतला, पहिल्या पगाराच्या थकबाकीतून. आत्याकडे नेला आणि तिच्या ओव्या टेप केल्या, कॅसेटची एक बाजू भरून. ती लाजत होती. जातं बंद होतं, पण तशीच बसून गायला तिला जमेना, म्हणून शेवटी मूठभर नाचणी घेऊन खरंच दळायला बसली. कॅसेट घरी आली, कपाटात गेली. दोन-तीन वर्षांनी एका रात्री रेडिओवर मैफल लागणार होती, माझ्या फार आवडत्या गायकाची. कोरी कॅसेट घरात नव्हती. मी तीच घातली आणि लाल बटण दाबलं. विसरून नव्हे, हो. मला माहीत होतं त्यावर काय आहे. मनात म्हटलं, आत्या काय, आहेच, पुन्हा करू. आणि खोटं कशाला बोलू, मारव्यापुढे मला ओवी लहान वाटली होती. रससिद्धान्त शिकवत होतो ना!

आत्या 1991 साली गेली. पुन्हा टेप करायचं राहूनच गेलं.

मैफल कॅसेटच्या बाजूपेक्षा थोडी लहान होती. त्यामुळे टाळ्या आणि निवेदिकेचा आवाज संपला की खट्‌ असा एक आवाज येतो आणि पाठोपाठ जात्याची घरघर. शेवटची साधारण चार मिनिटं वाचली आहेत. दोन-तीन ओव्या, आणि मग आत्या विचारते, "झालं का रं तुजं?" तिथे फीत संपते. मुली, तू विचारलंस म्हणून सांगतो, उदास वाटलं की मी ते ऐकतो. बरं वाटतं असं काही नाही.

गेल्या वर्षी त्या चार मिनिटांची नक्कल फोनवर घेऊन मी वेल्ह्याला गेलो. आतेभावाची बायको आता सत्तरीची आहे. तिला ऐकवलं. ती डोळे पुसेल अशी माझी अपेक्षा. तिनं मान तिरकी करून ऐकलं, एक हात आपोआप खुंटा धरल्यासारखा फिरायला लागला, आणि आत्या थांबली तिथून हिनं पुढची ओवी सुरू केली. मग मधेच थांबून म्हणाली, "पण ह्यो गळा आत्याबाईंचा न्हवं, भाऊजी. ह्यो माज्या आयचा. म्या आनला हिकडं." तिचं माहेर मोसे खोऱ्यातलं. ते गाव आता वरसगावच्या धरणाखाली आहे.

तिच्या दोन ओव्या मी त्या दिवशी टिपल्या. बाकीच्या दिवाळीनंतर, असं ठरलंय. जातं परसात पालथं पडलंय, त्याला टाकी लावून घ्यावी लागेल, असं ती म्हणाली. पाथरवट कुठे मिळतो ते बघतोय. तुमच्यापैकी कुणाला भोर-वेल्ह्याकडे माहीत असेल तर व्याख्यान संपल्यावर मला जरूर भेटा.