चिल्का सरोवर आणि त्याचे राखणदार

महाराष्ट्राच्या इतिहासांत ओरिसा प्रांताचें नांव येतें तें बहुधा नागपूरकर भोसल्यांच्या संदर्भांत. १७५१ सालीं अलिवर्दीखानाशीं झालेल्या तहानंतर हा मुलूख रघूजी भोसल्यांच्या अंमलाखालीं आला. पुढें १८०३ सालीं इंग्रजी फौज गंजामहून निघून, चिल्का सरोवर व समुद्र यांच्यामधील वाळूच्या अरुंद पट्टीवरून जगन्नाथपुरीस पोहोंचली आणि तो अंमल संपुष्टांत आला. ज्या सरोवराच्या काठानें ही फौज गेली, त्याची नंतरची हकीकत मात्र मराठी श्रोत्यांना फारशी परिचित नाहीं. त्या हकीकतींत राजे व सरदार नाहींत. कोळी आहेत, नावाडी आहेत आणि एके काळचे शिकारीहि आहेत.

चिल्का हें केवळ गोड्या पाण्याचें सरोवर नव्हे. तें समुद्रकांठचें मोठें खाजण आहे. दया, भार्गवी इत्यादि महानदीच्या शाखा उत्तरेकडून त्यांत गोडें पाणी आणि गाळ आणून सोडतात. वाळूच्या पट्टींतील मुखांतून समुद्राचें खारें पाणी आंत शिरतें. पावसाळ्यांत त्याचा विस्तार सुमारें १,१०० चौरस किलोमीटर होतो, उन्हाळ्यांत तो ९०० च्या आसपास येतो. ऋतूऋतूला खाऱ्या व गोड्या पाण्याची सीमा मागें-पुढें सरकते, आणि सरोवरांतील सारें जीवन या सरकत्या सीमेवर अवलंबून असतें. कोळंबी आणि कित्येक जातींचे मासे समुद्र व सरोवर यांच्यामध्यें येरझारा घालतात. हिवाळ्यांत मध्य आशिया व सायबेरिया यांकडून चक्रवाक, पट्टकादंब आणि नाना जातींचीं बदकें येथें उतरतात; त्यांची गणना कित्येक वर्षीं दहा लाखांच्या घरांत गेली आहे. समुद्रमुखाजवळच्या पाण्यांत इरावदी जातीचे डॉल्फिन राहतात. आणि या पाण्यावर दोन लाखांहून अधिक कोळी लोकांचा संसार चालतो.

या लोकांचें सरोवराशीं असलेलें नातें केवळ पोटापुरतें नाहीं. सरोवराच्या मध्यभागीं एका बेटावर कालीजाई देवीचें देऊळ आहे. सासरीं निघालेली जाई नांवाची नववधू वादळांत बुडाली आणि तीच पुढें देवी झाली, अशी तेथील दंतकथा आहे. मकरसंक्रांतीस तेथें मोठी जत्रा भरते. कोणत्या कोळी जमातीनें कोणत्या पाण्यांत व कोणत्या साधनानें मासे धरावेत, याचे परंपरागत नियमहि होते. कागदावर न लिहिलेला असा एक कायदा या पाण्यावर दीर्घ काळ चालत होता.

लिखित कायदा नंतर आला. १९७१ सालीं इराणांतील रामसर येथें पाणथळ जागांच्या रक्षणासाठीं आंतरराष्ट्रीय करार झाला होता. १९८१ सालीं त्या कराराच्या यादींत भारतांतील पहिल्या दोन जागा नोंदल्या गेल्या. एक राजस्थानांतील केवलादेव आणि दुसरी चिल्का. १९८७ सालीं सरोवरांतील नलबण हें सुमारें साडेपंधरा चौरस किलोमीटरांचें बेट पक्ष्यांसाठीं अभयारण्य ठरलें. पावसाळ्यांत हें बेट पाण्याखालीं जातें आणि पाणी ओसरलें कीं पाखरांनीं भरून जातें. अशा रीतीनें सरोवरास मान मिळाला. परंतु त्याची प्रकृति त्याच काळांत ढांसळत होती. नद्यांच्या गाळानें समुद्राकडे जाणारा मार्ग भरत चालला होता आणि वाळूच्या प्रवाहानें मुख दूर सरकून अरुंद होत होतें. खारेपणा घटला, गोड्या पाण्यांतील वनस्पति माजल्या, मासळी कमी झाली. १९९३ सालीं रामसर कराराच्या संकटग्रस्त जागांच्या यादींत चिल्काचें नांव घालावें लागलें.

याच सुमारास पाण्याच्या मालकीचा प्रश्न पेटला होता. परदेशांत कोळंबीला मोठा भाव आला. धनिक लोकांनीं सरोवराच्या उथळ भागांत बांध व जाळीं घालून कोळंबीचीं कुंपणें उभारलीं. त्यांना तेथें ‘घेरी’ म्हणतात. सरकार आणि टाटा उद्योगसमूह यांच्या भागीदारींतून कोळंबी-संवर्धनाची एक मोठी योजनाहि आखली गेली. पिढ्यान्‌पिढ्या जेथें आपलीं जाळीं पडत होतीं, तें पाणी आपल्याला बंद होणार, हें कोळ्यांच्या ध्यानांत आलें. १९९१-९२ सालीं कोळी, विद्यार्थी व विचारवंत यांनीं एकत्र येऊन चिल्का वाचविण्याचें आंदोलन उभें केलें, आणि ती योजना मागें घेण्यांत आली. ११ डिसेंबर १९९६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें चिल्का व पुलिकत या दोन सरोवरांपासून १,००० मीटरांच्या आंत कोळंबीची शेती करण्यास मनाई केली. परंतु निकाल लागला म्हणून घेरी उठल्या नाहींत. मे १९९९ मध्यें कोळ्यांनीं स्वतःच कांहीं घेरी मोडून टाकल्या. त्यानंतर २९ मे रोजीं सोरणा गांवीं पोलिसांनीं केलेल्या गोळीबारांत चार माणसें मरण पावलीं. या सरोवराच्या रक्षणाचा इतिहास सांगतांना हीं चार माणसें विसरून चालणार नाहीं.

सरोवराच्या प्रकृतीवर उपाय झाला तो पुढील वर्षीं. त्यासाठीं स्थापन झालेल्या चिल्का विकास प्राधिकरणानें पाण्याच्या प्रवाहांचा अभ्यास करवून घेतला. तो पुण्याजवळील खडकवासला येथल्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रांत झाला. त्याला अनुसरून २३ सप्टेंबर २००० रोजीं वाळूच्या पट्टींत नवें मुख खोदण्यांत आलें. समुद्राची वाट सुमारें १८ किलोमीटरांनीं जवळ आली. खारें पाणी पुन्हां खेळूं लागलें. नवें मुख होण्यापूर्वीं वर्षाकाठीं सुमारें १,७०० टनांवर आलेली मासळी २००१-०२ सालीं १२,००० टनांच्या जवळपास गेली. २००२ सालीं संकटग्रस्तांच्या यादींतून चिल्काचें नांव निघालें, आणि त्याच वर्षीं रामसर कराराचें पारितोषिकहि मिळालें.

वाळू खोदणें यंत्रांना साधतें. माणसांच्या संवयी बदलणें तितकें सोपें नसतें. सरोवराच्या उत्तरेकडील मंगलाजोडी गांवाच्या दलदलींत हिवाळी पाखरें मोठ्या संख्येनें उतरत. गांवांतील कित्येक लोक बंदुकीनें, जाळ्यानें व विष घालून त्यांची शिकार करीत आणि मांस विकीत. ही त्यांची मौज नव्हती. थंडीच्या दिवसांतील ती कमाई होती. पहारेकऱ्यांना चुकवून रात्रीं लव्हाळ्यांतून नाव कशी न्यावी, कोणता पक्षी कोठें झोंपतो, हें ज्ञान त्यांना वाडवडिलांकडून मिळालें होतें. दंड व तुरुंग यांनीं हा धंदा थांबला नव्हता.

वाइल्ड ओरिसा या संस्थेचे कार्यकर्ते या गांवीं येऊन शिकाऱ्यांच्याच ओसरीवर बसूं लागले. बोलणें अनेक दिवस चाललें. पाखरें संपलीं तर पुढच्या पिढीला काय राहील, हा प्रश्न अखेर गांवानें स्वतःला विचारला. २००० सालच्या अखेरीस गांवांत श्री श्री महावीर पक्षी सुरक्षा समिति स्थापन झाली आणि एके काळच्या शिकाऱ्यांनीं पहारा पत्करला. त्यांना चकविणें नव्या चोरांना अवघड होतें. कारण चोरीच्या साऱ्या वाटा त्यांना ठाऊक होत्या. बुडालेल्या कमाईची भरपाई लगेच झाली नाहीं. पहिलीं कांहीं वर्षें ओढग्रस्तीचीं गेलीं. पुढें प्रवासी येऊं लागले, आणि तेच लोक बांबूनें नाव रेटीत, यंत्राचा आवाज न करतां, पाहुण्यांना पाखरें दाखवूं लागले. कांहीं हजारांवर आलेली तेथील पक्ष्यांची संख्या पुढील दोन दशकांत लाखांच्या घरांत गेली.

चिल्काचे प्रश्न संपले आहेत असें नाहीं. घेरी उठविल्या तरी पुन्हां उभ्या राहिल्याचे प्रकार घडले आहेत, नद्यांचा गाळ येतच आहे, आणि वादळानें मुखें बदलतात. परंतु गेल्या चाळीस वर्षांची हकीकत एक गोष्ट स्पष्ट करते. कायद्यानें सरोवराची हद्द आंखली आणि शास्त्रानें त्याला समुद्राची वाट मोकळी करून दिली. ही दोन्ही कामें आवश्यक होतीं. तथापि मंगलाजोडीच्या दलदलींत रात्रीं जागण्यास कोणी ग्रामस्थ उभा राहिला, तो त्या पाण्यावर आपलाहि हक्क आहे असें त्याला वाटलें तेव्हांच. ज्यानें तें हक्काचें पाणी गमावलें, त्याला पाखरांसाठीं जागण्यास सांगणें व्यर्थ आहे. सोरणा गांवचे कोळी आणि मंगलाजोडीचे शिकारी यांच्या हकीकती दिसावयास निराळ्या आहेत. या मुद्द्यावर मात्र त्या एकमेकींस येऊन मिळतात.