एका केबलवर चार उपकरणे

होसकोटेतील वसतिगृहाच्या खोलीत लॅन केबल एकच असते; लॅपटॉपचा हॉटस्पॉट चालू केला की उरलेल्या तिघांचे मोबाइलही त्यावर चालतात. या सोयीमागे दोन इतिहास आहेत.

पहिला पत्त्यांचा. आयपीव्ही४चे सुमारे ४३० कोटी पत्ते संपतील या धास्तीतून १९९४ मध्ये ‘नॅट’ सुचवले गेले, तेही तात्पुरता उपाय म्हणून! आतल्या उपकरणांना खासगी पत्ते द्यायचे आणि बाहेर जाताना ते बदलायचे. पुढे पोर्ट क्रमांकांची नोंद ठेवून एकाच बाह्य पत्त्यावर अनेक उपकरणे चालू लागली. विंडोज ९८च्या दुसऱ्या आवृत्तीने (१९९९) हे काम घरच्या संगणकावर आणले.

दुसरा इतिहास कायद्याचा. उत्तरपत्रिकेत तो हमखास गळतो. १९३३च्या कायद्यानुसार बिनतारी यंत्र नुसते बाळगायलाही परवाना लागे. जानेवारी २००५च्या नियमांनी २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील कमी शक्तीच्या उपकरणांना त्यातून सूट दिली. प्रेषणशक्तीची मर्यादा १ वॅट. त्यामुळे विंडोज ७ (२००९) मध्ये लॅपटॉपचे वाय-फाय कार्डच अ‍ॅक्सेस पॉइंट बनू लागले, तेव्हा भारतात परवान्याचा अडसर उरला नव्हता.

नॅटची जुनी अट मात्र कायम आहे. बाहेरून पत्ता एकच दिसतो. चौघांपैकी कोणी काय उघडले हे तिथे वेगळे कळत नाही. नोंदीत नाव येते ते केबल ज्याची त्याचे.