अंदमान ते देवणी : कैदी जवळ आणायचा तर…

आपल्या देवणीहून कर्नाटकची हद्द हाकेच्या अंतरावर. घरचं माणूस बिदरच्या जेलात असेल, तर ते परराज्यात. पण 1956 पर्यंत आपला उदगीर भाग हैदराबाद राज्याच्या बिदर जिल्ह्यातच होता! 1 नोव्हेंबरला राज्यांची सीमा मधून गेली. सोयरीक मात्र दोन्हीकडं राहिली.

आपला माणूस जवळ आणा, ही धडपड जुनीच. सावरकर बंधूंचं बघा. विनायकराव 1911 मध्ये अंदमानला पोचले. थोरले बाबाराव आधीपासून तिथंच. धाकटे डॉ. नारायणराव बाहेर राहून अर्ज-विनंत्या करत राहिले. 1919 मध्ये भेटीची परवानगी आली, तोवर बाबारावांच्या पत्नी येसूबाई वारल्या होत्या. जानेवारी 1920 मध्ये नारायणरावांनी गांधीजींनाही पत्र लिहून सल्ला विचारला. मागणी सुटकेची होती. 1921 च्या मे महिन्यात मिळाली ती बदली. दोघं भाऊ अंदमानातून मुख्य भूमीवर आले.

तेव्हा सरकार एकच होतं. आता दोन लागतात. 1950 च्या ‘ट्रान्सफर ऑफ प्रिझनर्स ॲक्ट’च्या कलम 3 प्रमाणे, कैदी ज्या राज्यात आहे ते सरकार दुसऱ्या राज्याच्या संमतीनं त्याला तिकडं पाठवू शकतं. म्हणजे बिदरचा कैदी लातूरकडं यायचा, तर कर्नाटकचा आदेश आणि महाराष्ट्राचा होकार, दोन्ही हवेत. आणि हे शिक्षा झालेल्यांसाठी. खटला चालू असेल तर कोर्टाची परवानगी लागते.

म्हणून अर्ज करताना आधी एवढंच बघा : शिक्षा झालीय, की खटला चालू आहे? वाट तिथूनच फुटते.