तायक्वांदो : एका संज्ञेची घडण

यवतमाळ जिल्ह्यातील शालेय क्रीडास्पर्धांत कुस्ती व कबड्डी यांच्या जोडीला तायक्वांदो ही कोरियन युद्धकला आता रुळली आहे. नवशिक्यास प्रथम शिकविले जाते ते नीट उभे राहणे, वाकून प्रणाम करणे आणि ‘हाना, दुल, सेत’ असे मोजत लाथ मारणे. या कलेच्या नावाची घडण मात्र त्यास सहसा कोणी सांगत नाही. आणि तिच्या इतिहासाचे मर्म बव्हंशी त्या नावातच आहे.

‘ते’ म्हणजे पायाने केलेला आघात, ‘क्वॉन’ म्हणजे मूठ व ‘दो’ म्हणजे मार्ग. तिन्ही पदे मूळची चिनी. मराठीत तत्सम शब्दांस जी प्रतिष्ठा, तीच कोरियन भाषेत यांना. परंतु ही संज्ञा प्राचीन नव्हे. १९५५ साली जनरल चोई होंग ही यांनी ती पुरस्कारिली. तोवर सोलमधील ‘क्वान’ नामक आखाड्यांतून ‘तांगसूदो’ व ‘कोंगसूदो’ ही नावे प्रचलित होती. ती वस्तुतः जपानी ‘कराते’ शब्दाच्या दोन लेखनांचे कोरियन उच्चार होत : पहिल्यात तांग अर्थात चिनी हात, दुसऱ्यात रिकामा हात. ओकिनावातील गुरूंनीही ‘चिनी’ हे अक्षर टाकून ‘रिकामे’ हे अक्षर १९३६च्या ऑक्टोबरात, नाहा येथील बैठकीत, स्वीकारले होते.

त्याच वर्षी वऱ्हाडातून एक पथक बर्लिनला गेले होते. वैद्य बंधूंनी १९१४ साली अमरावतीस सुरू केलेल्या कार्यातून वाढलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे ते पथक. ऑलिंपिकच्या निमित्ताने त्याने तेथे कबड्डी इत्यादी देशी खेळ दाखविले. पथक परतंत्र देशाचे, तरी खेळांची नावे त्यांची स्वतःची होती. ९ ऑगस्टला तेथेच मॅरेथॉन जिंकणाऱ्या सोन की-जोंग या कोरियन धावपटूच्या वाट्याला तेवढेही आले नाही. १९१०पासून कोरियावर जपानचा अंमल होता. त्याचे नाव ‘सोन किते’ असे जपानी उच्चाराने नोंदले गेले. छायाचित्रातील त्याच्या छातीवरचे जपानी निशाण पुसून छापल्याबद्दल सोलच्या ‘दोंग-आ इल्बो’ या दैनिकास बंदी सोसावी लागली.

१९४५नंतर परक्या उच्चाराचे नाव चालविणे का जड गेले, हे यावरून उमगते. नव्या संज्ञेचा ध्वनी ‘तेक्क्योन’ या जुन्या लोकखेळाच्या नावाशी जुळतो, हाही तिच्या निवडीमागील एक हेतू होता. या ध्वनिसाम्याच्या आधारे दोन हजार वर्षांची अखंड परंपरा सांगितली जाते, ती मात्र स्वीकारार्ह वाटत नाही. आरंभीच्या क्वानांचे कित्येक संस्थापक जपानात कराते शिकलेले होते. तथापि पायाच्या आघातांना पुढे जे प्राधान्य मिळाले त्यामुळे कलेचे रूपच पालटले. तेव्हा नाव केवळ मुलामा होता, असेही म्हणता येणार नाही. नावाविषयी एकमत सहजी झाले नाही. १९६१ साली स्थापन झालेल्या संघटनेने ‘तेसूदो’ अशी तडजोड पत्करली, ती १९६५पर्यंत टिकली.

परिभाषेतील थर अभ्यासकाने लक्षात घ्यावेत. ‘तेगुक इल जांग’ (पहिला क्रमबंध) यासारखी शीर्षके चिनी मूळची. पण ‘चागी’ (लाथ), ‘माक्की’ (अडविणे) या अंगक्रियांची नावे आणि मोजणीचे अंक देशी. आपल्याकडेही ‘मल्लविद्या’ संस्कृत, ‘कुस्ती’ फारसी, आणि डाव मात्र ‘ढाक’, ‘टांग’, ‘धोबीपछाड’. ‘मल्लखांब’ शब्दात तर तत्सम व तद्भव एकत्रच नांदतात. तायक्वांदो १९८८ साली सोल येथे प्रात्यक्षिक म्हणून व २००० साली सिडनी येथे पदकांसह ऑलिंपिकमध्ये आला, तरी पंचाचे शब्द कोरियनच राहिले : लढत सुरू करणारा ‘शिजाक’ चिनी मूळचा, आणि झुंजणाऱ्यांस अलग करणारा ‘काल्यो’ देशी.