गोळी थांबते कुठे?

कोल्हापूर म्हटलं की तालीम आठवते, खासबागेचं मैदान आठवतं. पण गेल्या वीस वर्षांत या मातीचं नाव जगात गाजवलं ते नेमबाजांनी. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात ६०० पैकी ५९७ गुण मिळवून जगज्जेती झाली. हा मान मिळवणारी ती पहिली भारतीय महिला नेमबाज. राही सरनोबतने २०१८च्या एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तुलाचं सुवर्ण जिंकलं. आणि २०२४ साली पॅरिसला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ब्राँझ मिळवलं. खाशाबा जाधवांच्या १९५२च्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळायला ७२ वर्षं लागली.

तशी बंदूक इथं नवी नव्हे. संस्थानकाळात शिकारीचा मोठा शौक होता. शाहू महाराजांचे शिकारी चित्ते तर प्रसिद्धच. पुढे काळ बदलला. १९५८ साली दाजीपूरचं रान अभयारण्य झालं, १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला. शिकारीचे दिवस सरले. नेम राहिला, पण त्याची शिस्त बदलली.

हा बदल मला फार महत्त्वाचा वाटतो. शिकाऱ्याची गोळी चुकली, तर ती रानात कुठंतरी जायची. रेंजवर तसं चालत नाही. तिथं गोळी सुटण्याआधीच ती कुठं थांबणार, हे ठरलेलं असावं लागतं.

एअर रायफलच्या दहा मीटरच्या निशाणावर मधला ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. सगळ्यांचं लक्ष त्या ठिपक्याकडे. मी मात्र पहिल्यांदा रेंज पाहिली तेव्हा कागदामागची पेटी पाहत राहिलो. तिच्यात पोलादी पत्रा तिरका बसवलेला असतो. शिशाचा छर्रा त्यावर आपटून खाली वळतो आणि पेटीतच पडतो. पोलादाचंच निशाण करून त्यावर गोळी झाडतात, तिथंही सूत्र हेच. पत्रा कठीण आणि गुळगुळीत हवा, खाली झुकलेला हवा. मऊ पत्र्याला खड्डे पडले की शिशाचे तुकडे उलटून नेमबाजाकडे येऊ शकतात. म्हणून खड्डे पडलेला पत्रा बाद करायचा, ठरलेलं अंतर मोडायचं नाही, आणि नेमबाजाच्याच नव्हे तर बघ्यांच्याही डोळ्यांवर चष्मा हवा. शिसं विषारी, म्हणून सराव संपल्यावर हात धुतल्याशिवाय घासाला हात लावायचा नाही.

बाकीचे नियम साधे आहेत. नळी कायम निशाणाकडे. बोट चापावर जायचं ते नेम धरल्यावरच. ‘स्टॉप’ म्हटलं की त्या क्षणी थांबायचं. बंदूक खाली ठेवताना ती रिकामी असल्याची खूण म्हणून नळीत रंगीत दोरी घालायची. निशाणापाशी माणूस असेल तर बंदुकीला हातही लावायचा नाही.

स्वप्नीलच्या पदकानंतर आपल्या मुलांनाही रायफल हाती घ्यावीशी वाटत असेल. जरूर घेऊ द्या. मात्र नाव घालण्यापूर्वी रेंजवर एकदा स्वतः जा. भिंतीवरचे पदकांचे फोटो नंतर बघा. आधी निशाणामागं काय आहे, ते बघा.