अनोळखी जंतूची ओळख



नीरेच्या डाव्या कालव्यावर ऊस पिकवणाऱ्या बारामती-इंदापूरच्या ह्या मुलखात जंतूंविषयी बोलावयाचे, तर प्रारंभ उसापासूनच केलेला बरा. तोडलेला ऊस वेळेवर गव्हाणीत पडला नाही, दोन-तीन दिवस उन्हात तसाच राहिला, की त्याचा रस चिकट होतो, बुळबुळीत होतो आणि साखरेचा उतारा घटतो, हे आपणांस आम्ही सांगावयास नको. युरोपातील बीटसाखरेच्या कारखान्यांत अशाच बुळबुळीत गोळ्यांना कामगार 'बेडकाची अंडी' म्हणत. ती अंडी नव्हेत, एका जंतूने साखरेपासून केलेला तो डिंक आहे, हे पुढे कळले. आणि व्हान टिगेम ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७८ साली त्या जंतूस ल्युकोनोस्टॉक हे नाव दिले. नुकसान आधी कळले, नाव मागाहून आले. जंतुशास्त्रात बहुधा हाच क्रम असतो.

उसाच्या रसात हा विलंब फार तर साखरेस भोवतो. माणसाच्या बाबतीत तो काय करतो, हे मुंबईने १८९६ साली पाहिले.

त्या वर्षी मांडवी भागात लोक तापाने व जांघेतील गाठींनी मरू लागले. डॉ. अकासियो व्हिएगस ह्यांनी सप्टेंबरमध्ये स्पष्ट सांगितले की हा प्लेग आहे. परंतु प्लेग हा शब्द उच्चारला की परदेशची बंदरे मुंबईच्या जहाजांना बंद होणार, व्यापार बुडणार. म्हणून 'गाठींचा संशयास्पद ताप' अशी आडवळणाची भाषा काही काळ चालली. वैद्याची नजर एकीकडे आणि बंदराची तिजोरी दुसरीकडे, असा तो पेच होता. त्यातून सुटावयाचे तर जंतूच पकडून दाखवावयास हवा होता.

जंतू सापडावा कसा, हे दोन वर्षांपूर्वी, १८९४ च्या जूनमध्ये, हाँगकाँगला ठरले होते. तेथे जपानचे किटासाटो आणि पास्तरच्या संस्थेतून आलेले येर्सिन असे दोघे तीन दिवसांच्या अंतराने पोहोचले. किटासाटोंना रुग्णालयाची दारे उघडी होती, जंतू वाढवण्याची ऊबपेटी होती. येर्सिनला प्रेतेही मिळेनात. बोरूच्या झोपडीत त्याने आपले सामान मांडले आणि खलाशांना पैसे चारून प्रेताच्या गाठीतील पू मिळवला. किटासाटोंनी आधी जाहीर केले. परंतु त्यांनी वर्णिलेल्या जंतूची लक्षणे पुढे डळमळीत ठरली, आणि त्यांच्या संवर्धनात दुसरा एखादा जंतू मिसळला असावा, असे पुष्कळांचे मत झाले. येर्सिनचे वर्णन मात्र टिकले. ह्यात एक गंमत आहे. ऊबपेटी ३७ अंशांवर, म्हणजे माणसाच्या अंगाइतकी तापलेली असते. प्लेगचा जंतू मात्र २८ अंशांच्या आसपास अधिक चांगला वाढतो. येर्सिनजवळ पेटीच नव्हती. त्याचे दारिद्र्यच त्याच्या पथ्यावर पडले, असे म्हणावयास आम्हांस तरी हरकत वाटत नाही.

मुंबईत हे काम वाल्देमार हाफकिन ह्यांच्याकडे आले. कलकत्त्याहून ते ऑक्टोबर १८९६ मध्ये आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांस एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले. सूक्ष्मदर्शकाखाली प्लेगचा जंतू आखूड दांडीसारखा दिसतो व दोन्ही टोकांस अधिक रंग धरतो. पण चेहऱ्यामोहऱ्याने तसे दिसणारे दुसरेही जंतू असतात. गर्दीत पाठमोरा मनुष्य पाहून हाक मारावी आणि तो भलताच निघावा, तसे होते. म्हणून त्याचे वागणे पाहावे लागते.

हाफकिनांनी पाहिले ते असे. मांसाच्या रश्शात, तोही हिंदू-मुसलमान कोणासच वावगे वाटू नये म्हणून बोकडाच्या, त्यांनी जंतू पेरले आणि वर तुपाचे थेंब तरंगत ठेवले. होय, तूपच, आपल्या स्वयंपाकघरातले. बाटली न हलवता ठेवली की थेंबांच्या खालच्या अंगास जंतू चिकटतात आणि तेथून खाली लोंबत वाढतात, जशा वडाच्या पारंब्या. रस्सा भोवती नितळ राहतो. बाटलीस किंचित धक्का लागला तरी पारंब्या तुटून तळाशी बसतात, आणि मग वर नवे पीक येते. ही प्लेगच्या जंतूची ओळखीची खूण ठरली आणि लस करण्याची रीतही हीच ठरली. ही लस १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिनांनी प्रथम स्वतःस टोचून घेतली.

त्याच वर्षी प्लेग पुण्यात भडकला. रुग्णसेवा करताना सावित्रीबाई फुले १० मार्चला गेल्या. २२ जूनला रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. तो इतिहास आपणांस ठाऊक आहे, आम्ही त्यात शिरत नाही. देशावरच्या गावोगावी वस्ती सोडून रानात झोपड्या घालून राहिल्याच्या आठवणी घराघरांतून पुढच्या पिढ्यांनी ऐकल्या.

मात्र दुसऱ्या एका घटनेपाशी थांबलेच पाहिजे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल गावी १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांतील १९ जण धनुर्वाताने दगावले, आणि ते सगळे एकाच बाटलीतून टोचलेले. बाटलीत धनुर्वाताचा जंतू सापडला. येथपर्यंत ओळख बिनचूक होती. पण तो त्या बाटलीत शिरला केव्हा? परळच्या प्रयोगशाळेत, की बाटली उघडताना? चौकशी मंडळाने दोष परळवर ठेवला आणि हाफकिनांस पदावरून दूर केले.

पाच वर्षांनी पारडे फिरले, ते जंतूच्याच स्वभावामुळे. लस मलकोवालच्या आधी ४१ दिवस भरली होती. धनुर्वाताचा जंतू इतके दिवस बंद बाटलीत वाढला असता, तर तिला दुर्गंध सुटला असता; पण टोचण्यापूर्वी वास घेणाऱ्या डॉक्टरला काहीही खटकले नव्हते. शिवाय विष आधीच साठलेले असते, तर लक्षणे लवकर दिसती. ती आठवडाभराने दिसली. आणि बूच काढण्याचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता, तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, हेही पुढे आले. धनुर्वाताचे बीज मातीत असते. मलेरियाचे संशोधक रोनाल्ड रॉस प्रभृतींनी १९०७ साली 'टाइम्स'मध्ये जाहीर पत्र लिहून हाफकिनांची बाजू मांडली. सरकारने त्यांस दोषमुक्त केले. ते हिंदुस्थानात परतले, परंतु परळचे पद त्यांस पुन्हा मिळाले नाही. १९२५ साली त्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव दिले गेले, ते आजही चालू आहे. आमच्या मते ही भरपाई फार उशिरा आणि फार थोडी झाली.

आता कोणी म्हणेल, ही सगळी तूप-रश्शाची खटपट जुनी झाली. जंतूच्या अंगातील एका जनुकाची सुमारे दीड हजार अक्षरे वाचावीत, जगभरच्या संग्रहाशी ताडून पाहावीत, की नाव हाती येते. हे खरे आहे, आणि उसाच्या रसातील बुळबुळ आज पाठवली, तर तिच्यातील जंतूचा पत्ता ह्या रीतीने काही दिवसांत लागतो. पण प्लेगच्या जंतूचे हे जनुक त्याच्या एका चुलतभावाच्या जनुकाशी जवळजवळ अक्षरशः जुळते. तो चुलतभाऊ माणसास क्वचितच मारतो. प्लेगचा जंतू औषधाविना पुष्कळदा मारतो. म्हणून आजचा तंत्रज्ञही दुसरी जनुके तपासतो, आणि जंतू थंड हवेत वाढवून तो पोहतो का, हे पाहतो. चुलतभाऊ पोहतो, प्लेगचा पोहत नाही.

१९९४ साली हा प्रश्न पुन्हा दारात आला. बीड जिल्ह्यातील मामला गावी गाठीच्या तापाचे रुग्ण निघाले आणि सप्टेंबरात सुरतेस फुप्फुसाच्या प्लेगचे. लाखो लोक सुरत सोडून पळाले. विमाने आणि माल अडवला गेला. आणि हा प्लेगच का, दुसराच एखादा जंतू तर नव्हे, ह्यावर दीर्घकाळ वाद चालला. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. रुग्णांपासून मिळालेले जंतू पुन्हा वाढवले गेले, रंगवले गेले, त्यांची जनुके तपासली गेली. तो प्लेगचाच जंतू निघाला. त्याचे शास्त्रीय नाव तोवर बदलून येर्सिनिया पेस्टिस झाले होते.